पायांवरची आंघोळ

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की लालबागची आपली चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता आम्हीच जुने रहिवासी झालोय. चाळिशी उलटल्यावर मला मुलगी झाली. परवा तिची नाळ पडली आणि डॉक्टर म्हणाल्या, आता आंघोळ घालायला हरकत नाही. पण ठरवलेली मालीशवाली बाई तापानं पडली, सासूबाई गावी पाय मोडून बसलेल्या, बायकोचे टाके अजून ओले. म्हणजे उरलो मी.

माझं तुला माहीतच आहे. नवीन काही करायचं म्हटलं की तळहात ओले होतात. पहिल्यांदा दळण घेऊन तू मला एकट्याला पाठवलंस, तेव्हा मी डबा छातीशी धरून चक्कीबाहेर नुसता उभा राहिलो. कुणाच्या मागे थांबायचं, काय बोलायचं, काही कळेना. बराच वेळ झाला म्हणून तू शोधत आलीस. मला वाटलं, हात धरून आत नेशील. तू रस्त्यापलीकडूनच म्हणालीस, "भियतंस तर भी. पण आधी डबो थय ठेव, मगे भी." तुझा रागच आला होता. पण डबा ठेवला. चक्कीवाल्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. भीती काही त्या दिवशी गेली नाही, अजूनही नाही. ती असतानाही कामं होतात, एवढं मात्र तेव्हापासून कळत गेलं.

काल सकाळी बाथरूममध्ये पाट टाकला, पॅन्ट वर दुमडली आणि पाय लांब केले. तू चाळीतल्या पोरांना न्हाऊ घालायचीस तेव्हा मी मोरीच्या कट्ट्याशी बसून बघायचो. पाय कसे जुळवायचीस ते आठवतंय, हात कुठे धरायचीस ते काही केल्या आठवत नाही. बायको दारात खुर्ची घेऊन बसली.

"पाणी कोपरानं बघ."

"बघितलं."

"परत बघ."

मी परत बघितलं. पोरीला नडग्यांवर पालथी घेतली तर तिनं असा काही सूर लावला की मी भरलेला तांब्या तसाच धरून बसलो.

"घाबरलायस?" बायकोनं विचारलं.

"हो."

"मग हळू कर. पण थांबू नको."

पहिला तांब्या पाठीवर सोडला. दुसऱ्याला तिचं रडणं मधेच तुटलं. मग तिनं माझ्या घोट्यावर गाल टेकला आणि डोळे मिटून गप्प पडून राहिली. पाणी संपलं तरी मला हलवेना. "अरे, गारठेल ती," बायको म्हणाली, तेव्हा कुठे टॉवेल घेतला.

तुला वाचता येत नव्हतं. गावाकडची पत्रं मीच वाचून दाखवायचो. तेव्हा हे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. एक गोष्ट मात्र अजून बायकोलाही सांगितलेली नाही. आज त्या मालीशवाल्या बाईंचा फोन आला. ताप उतरलाय, उद्यापासून येते म्हणाल्या. मी म्हटलं, या, पण तुम्ही फक्त बाळंतिणीचं बघा. पोरीची आंघोळ मी घालतो.