पोतीत्सा तू घेऊन ये

विन्को,

मी सकाळच्या गाडीने पुढे गेले. दोघं बरोबर निघालो असतो तर येसेनीत्सेच्या फलाटावरच तुझा गुडघा दुखायला लागला असता, म्हणून ही युक्ती.

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर वेळापत्रक पसरून तू मला ऑस्ट्रियातल्या बेल्याकचा प्रवास पढवलास. कुठला डबा, कुठली खिडकी, बोगदा किती मिनिटांचा! आणि शेवटी म्हणे, "तू जा मिलेना, माझं काय काम तिथे?" मग काल ती रेल्वेची जुनी टोपी ब्रशने कुणी साफ केली, मांजराने?

एकतीस वर्षं तू गाड्या इथवर आणल्यास, डबे ऑस्ट्रियाच्या इंजिनाच्या हवाली केलेस आणि घरी आलास. बोगद्यापलीकडे कधी गेला नाहीस, आपल्या लेकीच्या, तादेयाच्या लग्नालासुद्धा नाही. आज नुसता प्रवासी म्हणून बस.

तिकीट टोपीत आहे, गाडी दुपारी एकची. अक्रोडाचं गोड सारण भरून भाजलेली पोतीत्सा मी मुद्दाम घरी ठेवलीय. बाळंत लेकीकडे आई रिकाम्या हाताने गेलीय, तेव्हा माझी अब्रू तुझ्या हातात. वाटेत कापून खाऊ नकोस!

मला इतका आनंद झालाय की दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून निघालेय.

तू येतोयस हे तादेयाला सांगून टाकलंय. ती बाळाला घेऊन फलाटावर उभी राहील. चार वर्षं तू तिच्याशी बोलला नाहीस. आजही काही सुचलं नाही, तर राहू दे. नातवाला आधी इंजिन दाखव.

मिलेना