समीक्षाचा हिरवा ठिपका

मंगळवार, शाळेतून

प्रिय राजेश्वरी,

कालपासून तुला इतके फोन केले, की माझ्याच मेल्या फोनला लाज वाटली असेल. तू एकदाही उचलला नाहीस. समीक्षा हरवली आहे, हे तुला माझ्या निरोपातून कळलंच असणार. आपली समीक्षा, बाळासो मेंढपाळाची, तुझ्या हाताखाली दुसरी-तिसरी शिकलेली आणि या जूनपासून माझ्या चौथीत बसणारी. तिचा पत्ता लागलेला नाही. कृष्णात सर आज सांगलीला प्रशिक्षणाला निघालेत, म्हणून हे त्यांच्या हाती देते आहे. ते मोटारसायकल पुसत बाहेर उभे आहेत, तेव्हा अक्षर असं पळतं आहे. सांभाळून घे.

तू बदलीनं सांगलीजवळच्या माधवनगरला गेलीस आणि तुझा वर्ग माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मी किती चिडले होते ते तुला ठाऊक आहे. मी बाहेरची, मला ही आटपाडीकडची माळरानं सोसायची नाहीत असं वाटायचं. त्यात तू जाताना ते 'सोबती' ॲप माझ्या हवाली केलंस. प्रत्येक पोराच्या हातात संस्थेनं दिलेला टॅब, आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या गतीनं शिकवणारा यंत्रमास्तर. मी नाकं मुरडली होती. पण खरं सांगते, समीक्षानं माझं तोंड बंद केलं. इतर पोरांना आंब्याची नि पेनांची गणितं यायची, आणि हिला मेंढरांची, कारण मेंढरं आली की ही पटापट सोडवते हे त्या यंत्रानं हेरलं होतं. हातच्याशी मात्र तिचं वाकडं होतं. वजाबाकीत हातचा घ्यायची आणि पुढच्या घरी जाता जाता विसरायची. दिवाळीच्या आधी मी तिला माझ्याजवळ बसवून घेतलं, खडे मांडले, आणि एका दुपारी तिला ते कायमचं उमगलं. मग एकदाही चुकली नाही. तेव्हा तुला फोन करून सांगायला हवं होतं, राहून गेलं.

दिवाळीनंतर बाळासोचा कळप दरसालासारखा बाहेर पडला आणि समीक्षाही बरोबर गेली. तिची आजी धोंडुबाई तेवढी वस्तीवर राहिली. मी शिक्षण हमी पत्रक लिहायला घेतलं होतं, म्हणजे वाटेतल्या एखाद्या शाळेनं तिला बसवून घेतलं असतं, तिची वाट पाहिली असती. कृष्णात सर म्हणाले, बाई, टॅब आहे की सोबत, रोज धडा करील, पत्रक दिलं तर आपल्या पटावरून जायची. मला पटलं. आणि खरंच, माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढचा ठिपका रोज हिरवा व्हायचा. मधे थोडे दिवस करडा पडला, चार्जिंग मिळालं नसेल म्हटलं, आणि मग पुन्हा रोज सकाळी हिरवा. केंद्रप्रमुख आले तेव्हा मी कौतुकानं तो ठिपका दाखवला. बघा, पोरगी मेंढरांमागं फिरते आणि शिकते. टाळ्या झाल्या गं.

शनिवारी बाळासो आटपाडीच्या बाजाराला आला आणि पोरीला भेटायला थेट शाळेत आला. पोरं डबे खात होती. त्यानं दारातनंच हाक मारली, "समे!" सगळी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी म्हटलं, समीक्षा तर तुमच्याबरोबर आहे ना? त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "आवं बाई, मी तिला लोणंदवरनं माघारी धाडली की. टॅब बंद पडला, साळंला जायाचं म्हणून रडाय लागली. आटपाडीच्या बाजाराला टेम्पो निघालता, त्यात बसवून दिली. रोज निरोप येतुय की फोनवर!" त्यानं फोन काढून मला ऐकवला. आपल्या यंत्राचा तो गोड आवाज, समीक्षानं आजचा धडा पूर्ण केला, शाब्बास. त्याला वाचता येत नाही, म्हणून निरोप बोलून सांगायची सोय तूच लावून दिली होतीस.

आम्ही धोंडुबाईकडं पळालो. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडं कुटली? बापाकडं हाय न्हवं?" तिच्याकडं फोन नाही. बाळासो सांगत होता, पोरीला टेम्पोत बसवल्यावर त्याचा जीव लागेना. दोन दिवस गेले, कुणाकडून काही कळेना, म्हणून मेंढरं भावकीच्या हवाली करून तो इकडं यायला निघालाच होता. आणि तेवढ्यात फोनवर शाब्बास आलं. तो परत फिरला. राजेश्वरी, तो परत फिरला गं. टेम्पोवाला बाजारात तोंडओळखीचा, त्याचा नंबर आता लागत नाही.

पोलिसांत गेलो. फौजदारांनी माझा पडदा पाहिला, हिरवा ठिपका पाहिला आणि खुर्चीत मागं रेलले. "पोरगी रोज धडा करतीया म्हंजी कुणाच्या तरी घरात बसलीया. पळवून न्हेलेली पोर गणितं सोडवती व्हय?" धडा कुठून होतो हे ॲपवाल्यांकडून मागवलंय, ते आलं की जाऊ, म्हणाले. लोणंदच्या बाजूला अजून कुणी गेलेलं नाही. टेम्पोचा शोध नाही. सगळे त्या ठिपक्याकडं बघत बसलेत, मीही त्यातलीच.

आज दुपारी पोरं खेळायला सोडून मी तिचे जुने धडे उघडले. काहीतरी सापडेल या आशेनं. ठिपका करडा होता त्याच्या आधीची गणितं बिनचूक. त्याच्या नंतरची बघते तर हातचा विसरलेला. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. यंत्रानंही तिला मुकाट पुन्हा हातच्याच्या धड्यावर आणून बसवलेलं. समीक्षा आता अशी चुकत नाही. ती सुधारली हे मी तुला कळवलंच नव्हतं, तेव्हा अजून अशी चुकणारी समीक्षा फक्त तुला माहीत आहे.

मग मी ॲपनं साठवलेलं त्याच दिवसांतलं तिचं प्रकट वाचन लावलं. आवाज बारीक काढलेला, लहान पोरीसारखा. पण त्या आवाजाच्या पाठी यंत्रमाग खडखडत होते, राजेश्वरी. तुझ्या खोलीच्या पाठीमागचे. गणपतीत तुझ्याकडं राहायला आले होते, तेव्हा त्या खडखडाटानं मला झोप नव्हती आणि तू हसून म्हणाली होतीस, आठवड्यात सवय होते. झालेली दिसते, नाहीतर तो आवाज तुझ्या लक्षात आला असता.

तिचे धडे तू का केलेस हे मला विचारायची गरज नाही. आपला वर्ग तुझ्या फोनवर अजून दिसतो, आणि करडा ठिपका फार दिवस राहून लाल झाला तर पोर शाळाबाह्य ठरेल, नाव जाईल, मग ती परत यायची नाही, याची भीती तुला माझ्यापेक्षा जास्त. तिच्या नावानं ॲप उघडायला लागणारी खुणेची चित्रं तुला पाठ होती. तिच्या चुकासुद्धा जपल्यास तू. तुझ्या जागी मी असते तर कदाचित हेच केलं असतं, आणि तरीही मला तुझा भयंकर राग आला आहे. आज सकाळचाही धडा झालेला आहे. माझा निरोप मिळाल्यावरही तू तो केलास. घाबरून केलास, की तो थांबला तर ती खरंच नाहीशी होईल असं तुलाही वाटायला लागलं?

कृष्णात सर मला आधी ठाण्यात सोडतील, मग तुझ्याकडं येतील आणि प्रशिक्षण सोडून तुला घेऊन रातोरात माघारी फिरतील. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी फौजदारांना सगळं सांगितलेलं असेल, म्हणजे निदान आजच्या आज ते लोणंदला निघतील. ते तुझ्या दारीही येतील, घाबरू नकोस, काही लपवू नकोस. मी हे लिहिलं ते वेगळ्याच कारणासाठी. शनिवारपासून बाळासो वस्तीवर गेलेला नाही. शाळेच्या ओट्यावर बसून असतो आणि सकाळी माझ्या खुर्चीशेजारी उभा राहून ठिपक्याची वाट बघतो. आज तो हिरवा झाला, तेव्हा डोळे पुसून मला म्हणाला, "हिरवा हाय म्हंजी जिती हाय न्हवं, बाई?" मी मान हलवली, तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि तो खिडकीबाहेर बसला आहे, माझ्याच्यानं सांगवत नाही. यापुढं तिचा धडा करू नकोस. उद्या सकाळी ठिपका करडा राहील. त्याच्या आत, असशील तशी, कृष्णात सरांच्या मागं बसून इकडं ये, आणि बाळासोसमोर तू उभी राहा.

तुझीच,
संयोगिता