एकोणीस रेपो आणि अर्धी भाकरी

नाही काजलताई, चूक तुझीच आहे! स्क्रिप्ट तुझी, मी फक्त एंटर दाबलं.

असो. नमस्कार. नानाकाकांचा गुडघा कसाय? भावोजींना (अजून तुझ्याच हातचं खात असतील तर) माझी सहानुभूती. इथे म्हसावदला सगळे मजेत, मी सोडून.

तर ऐक. माझ्या कादंबरीची एकोणीस प्रकरणं मी एकोणीस वेगळ्या रेपोंत (तुम्हा प्रोग्रामर लोकांच्या त्या कोठारांत) ठेवली. तू हसली होतीस, पण आपल्या घराण्याची रीतच ती: एक शेत, चार भाऊ, चार बोअर, चार मोटारी. रेपोत जुनं काही मरत नाही, कुणी काय बदललं ते सगळं राहतं, हे तूच शिकवलंस. मग आई मागे लागली, मलाबी वाचून दाखव. आता माझा नायक बिननावाचा, उद्ध्वस्त, एकोणीस प्रकरणं नुसता फिरतो. आई ऐकते आणि म्हणते, "भाग्या, हाऊ माणूस सकायपासून उपाशी शे. याले कोनी भाकर इचारी का नही?" तिचं मन राखायला (आणि मला गरम भाकरी मिळायला) प्रत्येक रेपोत मी 'आई' नावाची वेगळी ब्रँच, म्हणजे बाजूची प्रत, काढली. ती सांगायची, मी तिथे टाइप करायचो. मूळ कादंबरी सोवळ्यात.

मग तुझी स्क्रिप्ट आली. एकेक रेपो उघडायचा कंटाळा, म्हणून मीच मागितली होती. एका एंटरमध्ये एकोणीसही अपडेट. तू बजावलंस, आधी प्रत्येकात काय बदललंय ते बघ. नाही बघितलं. (बाबांनी चारही मोटारींना ऑटो-स्टार्टर बसवला तेव्हा त्यांनी तरी कुठे बघितलं? लाइट आली, चारही मोटारी एकदम सुरू, आणि चौथ्या वाट्यात वाळत घातलेली मिरची पोहत पोहत तुमच्या दारात.) तसंच झालं. 'आई' एकोणीसही ठिकाणी मूळ कादंबरीत मिसळली आणि तिथे पोचलीसुद्धा, जिथून संपादक मोहिनीबाई सोमवारी वाचणार आहेत. आता माझा उद्ध्वस्त माणूस तिसऱ्या प्रकरणात कळण्याची भाकरी खातो, सहाव्यात ठेचा मागून घेतो, आणि दहाव्यात जगाशी नातं तोडून निघतो तेव्हा सोबत डबा नेतो. तीन वर्षांची मेहनत, ताई! सोमवारच्या आत जुनं परत आण.

तुझा,
भाग्येश

ता. क. आईला सांगितलं, तुझं सगळं काढतोय. "काढी टाक," म्हणाली आणि ताट वाढलं. (तिखट नेहमीपेक्षा जास्त.)

ता. क. २. काय काय काढायचं ते बघायला सातवं प्रकरण उघडलं. तो शहाद्याच्या स्टँडवर बसलाय. शेजारची बाई काही विचारत नाही, आपली भाकरी मोडते आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवते. बस. एवढंच सांगायला मी अकरा पानं घेतली होती, तरी सांगता आलं नव्हतं. तर काही काढू नकोस. फक्त एक कर. लॅपटॉप माझा, म्हणून आईची प्रत्येक दुरुस्ती एकोणीसही रेपोंत माझ्या नावावर पडलीय. तिथे तिचं नाव घाल. सुंदरबाई. सोमवारच्या आत.

तू म्हणशील, नाव बदलायचं तर सगळा जुना इतिहास नव्याने लिहावा लागतो, तोही एकोणीस वेळा. म्हणूनच फोन बंद करतोय. शहाद्याची एसटी लागली, मी चाललो. डबा घेऊन.