वरून बघायचे मासे

३ एप्रिल

आलो एकदाचे! टेम्पो दहाला आला, बारापर्यंत सामान आत, आणि दोनला मी शेजारच्या पाच घरी रिवाजाप्रमाणे सोबा शेवयांची पाकिटं वाटून मोकळा. कायोको म्हणते, स्वयंपाकघराची खोकी तशीच पडलीत आणि तुम्ही मात्र माशांच्या खोलीत जाऊन बसलात. बसलो, खरं आहे. नागोयाला नऊ वर्षं गॅलरीतल्या एका टबावर भागवलं. इथे मागच्या बाजूला आख्खी खोली! सकाळचं ऊन, फरशीला उतार, वेगळा नळ. माणसाला आणखी काय लागतं?

घर होतं इवासे गेनपेई यांचं. रांचू माशांत या पंचक्रोशीत त्यांच्या नावाला तोड नव्हती. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची बायको, इवासे आजी, आता देवळाजवळ लहानशा खोलीत राहतात. घराबरोबर त्यांनी नवऱ्याच्या वाणाचे चार मोठे मासेही मला दिले. रांचू म्हणजे सोनमाशाची जात, पाठीवर पर नाही, डोक्यावर मांसाचा टोप, आणि बघायचा तो फक्त वरून. काचेतून बाजूने बघणाऱ्याला आमच्यात कोणी चहासुद्धा विचारत नाही.

आजींनी एकच काम सांगितलं. खोलीत खिळ्याला पांढरं इनॅमलचं घमेलं टांगलेलं आहे, नवरा त्यात मासे निवडायचा, तेवढं देवळात नेऊन द्या, माझ्याने हात लाववत नाही. देतो म्हटलं.

चिनात्सूने आज अंगणात इतक्या चकरा मारल्या की शेवटी मीच दमलो. सात वर्षांची आहे. डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, दोन ऑपरेशनं झाली, तरी थोडं ओढते. पण पळते! खरं तर तिच्यासाठीच हे गाव. इथल्या शाळेला जिना नाही.

१२ एप्रिल

बारा उथळ टाक्या लागल्या. एकाच पंपावरून बारा नळ्या, प्रत्येकीच्या टोकाला स्पंज, सगळीकडे सारखे बुडबुडे यावेत म्हणून दोन दिवस चाव्या पिळत बसलो होतो. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, मग वापरायचं. एक ते अकरा पिल्लांसाठी. बारावी रिकामी.

कुरामोतो येऊन गेला. तो इथल्या रांचू मंडळाचा चिटणीस, तोंडाने फटकळ. टाक्या बघून म्हणाला, मासे पाळताय की दवाखाना काढताय? मग त्याची नजर घमेल्यावर गेली. त्याने सांगितलं की उस्तादाचं घमेलं ज्याच्याकडे येतं, त्याने पहिल्या निवडीच्या दिवशी त्यात पेलाभर साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतून 'डोळा द्या' असं म्हणायचं असतं. उस्तादाची नजर तेवढ्यापुरती मिळते. मात्र त्याच दिवशी, ऊन आहे तोवर, घमेलं आणि वगळलेली पिल्लं दोन्ही देवळात पोचवायची. त्याचा आजोबाही असंच करायचा म्हणे. मला मजा वाटली. फुकट मिळणारी नजर कोण सोडतो?

सकाळी मादीने अंडी दिली. वाळूच्या कणाएवढी, पिवळसर.

१७ एप्रिल

फुटली! अकरा टाक्यांत मिळून तीन हजार तरी असतील. काचेला चिकटलेले नुसते डोळे. चिनात्सू शाळेतून आली ती दप्तरासकट टाकीवर ओणवी. प्रत्येकाला नाव ठेवायचं म्हणते. मी म्हटलं ठेव, तीन हजार नावं झाली की सांग.

२ मे

पहिली निवड. तांदूळ निवडतात तसंच काम. घमेल्यात शंभर-शंभर पिल्लं घ्यायची, वरून बघायचं, शेपूट वाकडी, एकीकडे झुकलेली, न उघडलेली असेल तर चमच्याने बाजूला. दहातली नऊ जातात. दया दाखवणाऱ्याने रांचू पाळू नयेत, हे मलाही माहीत आहे.

साके ओतली, डोळा मागितला, वर स्वतःलाच हसलो. आणि मग काय झालं कोण जाणे. सकाळी आठला बसलो तो दुपारी तीनला उठलो, मान दुखली नाही, एकदाही अडखळलो नाही. बघितलं की कळत होतं. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं.

चिनात्सू वगळलेल्या पिल्लांची बादली धरून रडायला लागली. यांना कुठे नेताय, यांनी काय केलं? मी समजावलं, कायोकोने समजावलं. पोरगी हटेना. शेवटी म्हणाली, "बाबा, मी पण नीट चालत नाही."

सगळी पिल्लं बाराव्या टाकीत सोडली. या गडबडीत ऊन गेलं आणि घमेलंही राहिलं. उद्या देईन.

५ मे

घमेलं दिलं नाही. खरं लिहितो, द्यावंसं वाटत नाही. पाच दिवसांनी दुसरी निवड आहे, तेव्हाही ती नजर असेल तर शरदातल्या प्रदर्शनात मी कुरामोतोचं तोंड बंद करीन. देऊळ काही पळून जात नाही.

१० मे

दुपारी जेवून तासभर पडलो. उठून खोलीत गेलो तर चौथ्या आणि पाचव्या टाकीची निवड झालेली! वाईट पिल्लं घमेल्यात, चांगली टाकीत. एकही चूक नाही. मी दोनदा तपासलं. कायोकोला विचारलं, ती पाळणाघराच्या स्वयंपाकावरून नुकतीच आली होती, म्हणाली, अहो, मला तुमचे मासे एकसारखेच दिसतात. माझी उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. घाम असेल.

१८ मे

रोज दुपारी होतंय. मी निजतो, उठतो, काम झालेलं असतं. कुरामोतो एकेका टाकीवर वाकून बघून गेला. मग म्हणाला, ही नजर तुमची नाही. जळतोय, दुसरं काय! मला आनंदच झाला, लाज वाटली तरी झाला.

पण आज बारावी टाकी रिकामी होती. चिनात्सू जेवली नाही. मांजर आलं असेल म्हणालो. झाकण घट्ट बसलेलं होतं, ते तिनेही पाहिलं.

२३ मे

घरातल्या वस्तू घमेल्यात सापडताहेत. परवा वाकड्या काकड्या. काल काठाचा टवका उडालेली कायोकोची वाटी. सगळं नीट मांडलेलं, पाण्यात.

आज चिनात्सूचा डाव्या पायाचा बूट.

फक्त डावा. मी तो पुसला, कोरडा केला, दारात ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

२४ मे

चिनात्सूला जवळ घेऊन विचारलं, दुपारी माशांच्या खोलीत कोण येतं? मलाच कसं ठाऊक नाही अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुम्हीच की. डोळे मिटून निवडता. मी हाक मारली तर वर बघत नाही."

बारावी टाकीही मीच रिकामी केली. तिने दारातून पाहिलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. माझी सोन्यासारखी पोर.

२५ मे

घमेलं घेऊन इवासे आजींकडे गेलो. दारातच त्यांच्या लक्षात आलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. म्हणाल्या, पुढे पुढे यांना काही सरळ दिसलं नाही की राहवत नसे. भिंतीवरची चौकट, ताटातला मासा, माणसं. धाकट्या मुलाच्या पाठीला बाक होता. नऊ वर्षांचा असताना आजींनी त्याला बहिणीकडे पाठवला तो परत कधी आणला नाही. नवऱ्याने पोराला कधी बोटही लावलं नव्हतं. फक्त माडीवरून त्याच्याकडे बघत उभा राहायचा.

"मी वाट बघितली नाही," आजी म्हणाल्या, "तुम्हीही बघू नका."

दोघे मिळून घमेलं देवळात दिलं. भटजींनी मंत्र म्हटले. येताना इतकं हलकं वाटलं की चिनात्सूसाठी मोची, तांदळाची मिठाई, घेतली.

२९ मे

घमेलं गेलं. नजर गेली नाही.

आज जागेपणी झालं. माडीच्या जिन्यावर उभा होतो, खाली चिनात्सू दप्तर काढत होती. वरून. आणि मला माझी मुलगी दिसली नाही. उजवी बाजू उत्तम, खांदे सारखे, डावीकडे मात्र — मनात आपोआप सुरू झालं आणि हाताची बोटं चमचा धरल्यासारखी जुळली.

जिन्यातच खाली बसलो. तिच्या शेजारी, तिच्या उंचीला आलो की जातं. तेव्हा ती चिनात्सूच असते. वरून बघितलं की नाही.

१ जून

कायोकोला सगळं सांगितलं. आधी हसली, मग बुटाचं सांगितल्यावर हसली नाही. त्सू शहरात तिच्या आईकडे दोघी उद्या जातील. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. मासे कुरामोतोला देईन, सगळेच्या सगळे. मी इथेच राहणार. मी सोबत गेलो तर उपयोग काय?

कायोकोकडे एवढंच मागितलं की काहीही झालं तरी पोरीला परत आणू नकोस, मी बोलावलं तरी.

४ जून

कुरामोतो मासे घेऊन गेला. टाक्या रिकाम्या. पंप बंद केला. घर शांत, आणि मी — चमचे, काड्यापेट्या, कपाटातले शर्ट. सगळं ओळीत लावतोय. थांबवत नाही.

दुपारी निजायचं नाही.

६ जून

निजलो असणार. उठलो तेव्हा फोन हातात. शेवटचा नंबर त्सूचा. अकरा मिनिटं बोलणं झालेलं. काय बोललो? परत लावला, सासूबाई म्हणाल्या, दोघी केव्हाच निघाल्या, कायोको नकोच म्हणत होती, पण तुम्हीच तर रडत होतात, बरा झालो, पोरीला बघायचंय म्हणून.

मी नव्हतो. सासूबाई, मी नव्हतो —

कायोकोचा फोन बंद लागतोय.

६ जून, चार वाजता

पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं, मागच्याला कडी. किल्ली खिडकीतून शेजारच्या कालव्यात टाकली. उजवा हात पलंगाच्या दांड्याला पट्ट्याने बांधलाय, डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाचता येईल ना? कायोको, दार उघडलं नाही तर बरं समज. तिला घेऊन परत जा. माझं तुम्हा दोघींवर — हे वाचशील तेव्हा कळेल.

न्हाणीतला टब काठोकाठ भरलेला आहे. मी कधी भरला?

साडेचार

फाटक वाजलं. मी माडीवर आहे. माडीवर का आलो? हात मोकळा. पट्टा —

बघायचं नाही. भिंतीकडे तोंड करून बसलोय. ती खालून हाक मारतेय, बाबा, दार उघडा, मी मोची आणलीय. कायोको मागे बॅगा काढतेय, पोरीला थांब म्हणा कुणीतरी, तिला आत —

बघायचं नाही बघायचं नाही बघाय

पाच

खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं. ऊन तिरपं आहे, तिच्यावर सावली पडत नाही. उंची वयाच्या मानाने चांगली. डोकं गोल, मान सरळ, खांदे सारखे. उजवी बाजू निर्दोष. डावं पाऊल आत वळलेलं, चालताना सगळं अंग एकीकडे झुकतं. शंकेला जागा नाही. मागचं दार उघडंच आहे, ती तिकडून येतेय. मी खाली जातो, फार वेळ लागायचा नाही, एवढं एकच बाजूला