कै. भगवंतमामा आणि बोअरचे पाइप

तीर्थरूप भगवंतमामांस,

गुजरातेतल्या मुंद्रा बंदरावरून गोरखचा दंडवत. तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं मामीकडून कळलं. या खेपेला मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. इकडं मी बरा आहे. दिवसभर कंटेनरला साखळ्या लावतो, खारं वारं खातो.

तुमचा निरोप पोचला. दसऱ्याच्या आत लोणीच्या मळ्यातला आमचा रेडिओचा मनोरा पाडणार आणि त्याला लावलेले बोअरचे पाइप परत नेणार म्हणता. मामा, पाइप तुमचे, जमीन तुमची, पण त्यावरनं जाणारी गाणी काय तुमच्या सातबाऱ्यावर न्हाईत. मनोरा उभाच राहील. माझ्यासारखा सातवी नापास माणूस एकदा बोलला की बोलला.

तुमी म्हणता, हे पोरखेळ कुणी सांगितले होते. सांगतो. बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अन्सारचाचांकडं जुन्या गाण्यांच्या कॅसेटी पोत्यानं पडून होत्या आणि आपल्या म्हाताऱ्यांकडं जुने रेडिओ. दोघांची गाठ कुणीतरी घालून द्यायलाच हवी होती. चाचांनी यंत्र जोडलं, मी पाइपाला पाइप जोडून उभा केला, आणि ए.एम. रेडिओ सुरू झाला. (मामी त्याला अजून यम रेडिओ म्हणते. पुढं जे झालं ते तिच्या तोंडच्या यमामुळंच झालं असं माझं मत आहे.) परवाना न्हाई म्हणून तुमी ओरडता. मी गेलो होतो की मागायला. साहेब म्हणाले, असा परवाना नसतोच. आता जो नसतोच तो माझ्याकडं न्हाई, यात माझा काय गुन्हा?

राहिली त्या सकाळची गोष्ट. लोकांना गाण्याआधी दशक्रियेच्या सूचना लागतात, त्याशिवाय चहा जात न्हाई. त्या दिवशी ओळीनं तीन सूचना वाचल्या. कैलासवासी अमके, कैलासवासी तमके. जिभेला वळण लागलं. लगेच तुमची फर्माईश होती आणि मी म्हणालो, कैलासवासी भगवंतमामांच्या आवडीचं गाणं. त्यात गाणंही नेमकं रडकं निघालं. (आवड तुमची, माझी न्हाई.)

तासाभरात अंगणात माणूस मावेना. कुणी हार आणला, घाईचे पावणे तर थेट दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊनच आले. तुमी ओट्यावर बशीत चहा ओतून पीत बसलेले. मामा, त्या दिवशी ज्यांनी बांधावरून तुमच्याशी जन्मभर भांडणं केली तेही म्हणाले, "लई मोठ्या मनाचा माणूस होता राव." हे ऐकायचं भाग्य कुणाला मिळतं? आणि टॉवेल-टोप्या तुमी परत केल्या न्हाईत, हेही मला माहीत आहे. तेव्हा माफी मी मागणार न्हाई. तुमी काठी घेऊन निघालात म्हणून मी मुंद्र्याला पळालो असं गावात म्हणतात, तेही खोटं. नोकरीचं आधीच ठरलं होतं. फक्त गाडी जरा लवकरची धरली.

आता चाचा एकटे रेडिओ चालवतात. मनोरा पाडला तर आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे रेडिओ पुन्हा नुसते खरखरतील. तुमी कोयता घेऊन मनोऱ्याच्या तारा तोडायला जा, मी सुट्टी टाकून येतो आणि पुन्हा बांधतो. बघू कोण आधी थकतंय.

मामीस नमस्कार.

तुमचा भाचा,
गोरख

ता.क. पाइप राहू द्या अशी विनंती मी करतच न्हाई. गोठ्यामागं एक पाइप पडलाय, तोही चाचांना देऊन टाका.

आणखी ता.क. मामीनं फोनवर खरं काय ते सांगितलं. मेला म्हटल्याचा तुमाला राग न्हाईच. सगळे आले, पण आहुप्याचा गेणभाऊ, तुमचा जिवाचा दोस्त, आला न्हाई, हे मनाला लागलंय. मामा, त्याचा दोष न्हाई. आहुपं डोंगरात, तिथं फोनला रेंज न्हाई आणि आपला आवाज एका पाइपानं कमी पडतो. गोठ्यामागचा तो पाइप मनोऱ्यावर चढवा आणि रेडिओवरनं गेणभाऊला तुमच्याच तोंडानं हाक मारा. नीट बोलावून न्हाई आला, तर माझी पद्धत आहेच.