खाडीला पाठ

बाबा, आज मी आपल्या गावामागच्या टेकडीवर गेले होते. पस्तीस वर्षांनी. तुला हसू येईल, पण आता तिला 'पॉइंट' म्हणतात. रोह्याच्या ज्या शाळेत मी कारकून आहे, तिथल्या तरण्या शिक्षकांनी एक टोळकं जमवलंय. दर रविवारी सकाळी गाड्या काढायच्या आणि कुठल्यातरी बुटक्या टेकडीवर जाऊन चहा प्यायचा. गडकिल्ले त्यांना नकोत, दम लागतो. अर्ध्या तासात चढून व्हावी आणि वरून चार गावं दिसावीत, एवढीच त्यांची अपेक्षा. निडीच्या झाल्या, खांबजवळच्या झाल्या, आणि या रविवारी कुणीतरी पेणच्या खाडीवरची सुचवली. मी नाही म्हणू शकले असते. मुकाट्याने स्कूटर काढली, आणि वाटेत दोनदा वाटलं, पंक्चर होईल तर बरं.

वर सगळं तसंच आहे. तुझा बसायचा दगडही जागेवर आहे, फक्त त्याच्यावर कुणीतरी बदाम काढून दोन नावं लिहिलीत. चहा झाल्यावर फोटोची वेळ आली. मागे खाडी यायला हवी म्हणून सगळे तिच्याकडे पाठ करून ओळीत उभे राहिले, आणि मी एकटी उलटी. आमच्या चित्रकलेच्या बाई ओरडल्या, "अहो मॅडम, इकडं बघा ना! खाडी काय पळून जातेय?" तू असतास तर म्हणाला असतास, पलून नाय जात, आत येते. मी हसून वेळ मारून नेली. पण पाय काही वळेनात, आणि का वळत नाहीत हे तिथल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ते तुलाही मी कधी खरं सांगितलेलं नाही. म्हणून घरी येऊन, भाताचा कुकर लावून, हे लिहायला बसले आहे.

आपलं शेत खाडीच्या पाण्याहून खाली. मधे एक बाहेरकाठा, म्हणजे खाडीला अडवून धरणारा मोठा मातीचा बांध, आणि त्याच्या भरवशावर अख्ख्या गावाचं भात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भर दुपारी पाणी बांधाच्या काठोकाठ येई. त्या दोन तासांत घरटी पाळीने एकाने टेकडीवर बसायचं, बांधावर नजर ठेवायची, आणि कुठे खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडताना दिसली की डबा बडवायचा. खाली माणसं पेंढा-माती घेऊन तयार असत. खांड हातभर असेतोवर बुजते, पुढे ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. मला पहिल्यांदा वर नेलंस तेव्हा तू माझे खांदे धरून मला खाडीकडे वळवलंस. "चकाकता ता आपला पानी, मलका येता ता खाडीचा. आन एक ध्यानात ठेव गो, हितं बसून खाडीला पाठ नाय करायची. ती आवाज देऊन नाय येत." गावात हे सगळ्यांनाच पाठ होतं. टेकडीवर भाकरीसुद्धा माणसं खाडीकडे तोंड करूनच खात.

भादव्यातल्या पौर्णिमेला पाळी आपली होती आणि तू तापाने फणफणला होतास. बारावी होऊन मी घरी बसले होते. म्हटलं, मी जाते. आईने डब्याला दोरी बांधून दिली. ऊन स्वच्छ पडलंय, भात कमरेएवढं झालंय, बांध सरळ दिसतोय. मी तासभर अगदी डोळ्यांत तेल घालून बसले. मग मागून शिट्टी आली. तुला ठाऊकच आहे, त्या टेकडीवरून एका अंगाला खाडी दिसते आणि दुसऱ्या अंगाला रेल्वेची लाइन. रोह्याची गाडी चालली होती. मी वळले. एवढी गाडी जाऊ दे, म्हटलं. खिडकीत एक बाई बसली होती, म्हणजे इतक्या लांबून बाई कसली, एक लाल ठिपका. ती कुठे उतरेल, तिला तिथे नोकरी असेल का, तिच्या खोलीला खिडकी असेल का, असं काहीबाही मनात येत राहिलं. गाडी झाडांआड गेली तरी मी तिकडेच बघत होते. किती वेळ, ते खरंच सांगता येत नाही. परत वळले तेव्हा आपल्या शेतात मळकं पाणी शिरलं होतं आणि खांड घराएवढी झाली होती.

डबा मी बडवला, पार चेपेपर्यंत बडवला. पण पेंढ्याचे भारे टाकले तसे वाहून जात होते. तू घोंगडी पांघरून चढ चढत आलास, खाली धावत येणाऱ्या मला अर्ध्यावर गाठलंस. "काय झाला गो?" मी म्हणाले, "बाबा, झोप लागली." तू माझ्या तोंडाकडे बघितलंस.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमला. वर कोण होतं, असं विचारल्यावर तू उभा राहिलास. "मीच व्हतो. तापात डोला लागला. पोरगीनं येऊन उठवला, म्हणून डबा तरी वाजला." मी बायकांच्या मागे उभी होते. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "गुणाची गो पोर." त्या हाताची मला आजही शिसारी येते, आणि म्हातारीचा त्यात काहीच दोष नव्हता.

त्या दिवसापासून तू गावाचा 'डुलक्या' झालास. चेष्टेतच म्हणायचे, तूही हसून ओ द्यायचास. आपलं आणि आणखी सात-आठ घरांचं शेत खारं झालं, खांड पुन्हा बुजलीच नाही, आणि पुढच्या वर्षापासून तू पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळायला जाऊ लागलास. तिथेही नाव तुझ्याआधी पोचलं. दिवसा कधी डोळा न मिटलेला माणूस तू. तुझ्या तिरडीमागे चालतानासुद्धा कुणीतरी कुजबुजलं, डुलक्या गेला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी पुढे चालत राहिले.

मला रोह्याला नोकरी लागली तेव्हा तू तुझी सायकल तेल-पाणी करून, घंटी नवी बसवून माझ्या खोलीवर पोचवलीस. पुढे एकदा मुक्कामाला आलास, तेव्हा मी तुला निडीच्या टेकडीवर नेलं. तिथे खाडी नाही, त्यामुळे तोंड कुठे करून बसायचं ते तुला कळेना. दोनदा उठून जागा बदललीस. मी पोट धरून हसले. मग खालून गाडी गेली आणि तू हात करून म्हणालास, "ती बघ, तुजी गाडी." मला वाटलं, मी तिने घरी येते-जाते म्हणून म्हणालास.

आज वर उभी असताना ते शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. तुला ठाऊक होतं, बाबा. झोपेतून उठलेलं तोंड आणि पळून जाऊ बघणारं तोंड तू ओळखलंस, त्या चढावरच ओळखलंस, आणि तरी माझं खोटं स्वतःच्या नावावर घेतलंस. वर सायकलही दिलीस.

आपल्या शेतात आता तिवरांचं रान आहे. तरणी मंडळी त्यालाच हिरवंगार म्हणून फोटो काढत होती. शेवटी मीही खाडीला पाठ करून उभी राहिले. त्यांनी फोटो पाठवलाय. सगळे हसतायत, आणि मी मान थोडी वळवून मागे बघतेय.

हा कागद कपाटात त्या चेपलेल्या डब्यात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. त्या दिवशी मला झोप लागली नव्हती, बाबा. शेत गेलं त्याचं वाईट वाटतं, तुझं नाव गेलं त्याचं फार वाटतं. पण ती गाडी बघितली याचं वाईट वाटायला हवं, आणि ते अजून वाटत नाही.