पुढच्या जागेवर कोणी नव्हतं

कॅप्टनसाहेब, काल हातोदला एका लग्नाला गेलो होतो. परतताना आमची बस विमानतळाच्या कुंपणाजवळून चालली होती, तेवढ्यात एक मोठं विमान उतरायला लागलं, आणि माझा उजवा हात आपोआप दोन गुडघ्यांच्या मध्ये जाऊन मूठ आवळून बसला. विमान जसजसं खाली येई तसतशी मूठ पोटाकडे सरके. शेजारच्या गृहस्थांनी घाईने खिडकी उघडली. "काकासाब, उल्टी आ री है क्या? इधर आ जाओ." मी म्हटलं, "नहीं भिया, लँडिंग चल री है." ते आणखीच दूर सरकून बसले. घरी आलो, कपडे बदलले आणि हे लिहायला बसलो. तुम्ही गेल्यानंतरच्या एका वर्षाबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्ही नव्हता म्हणून राहिलं, असं लिहिणार होतो. पण नव्हता की होता, इथेच तर माझं घोडं अडलंय.

फ्लाइंग क्लबात तुमच्याकडे विमान शिकायला पहिल्यांदा आलो तेव्हा मध्य प्रदेश नवा होता आणि मीही. पाठशाळेतून सुटून शाळेत संस्कृत शिकवत होतो, शेंडी नुकतीच उतरवली होती, तरी टोपी काढायला मी कचरत होतो. तुम्ही मला नखशिखान्त पाहिलंत. "शास्त्रीबुवा, तुमच्या ग्रंथांत विमानं उडतात म्हणे. उतरतात कशी, ते लिहिलंय का?" मी म्हणालो, "तिथे ती मालकाच्या इच्छेने उतरतात." तुम्ही सिगारेट विझवलीत. "मग इथे तुमचे हाल आहेत."

हाल झालेच. क्लबचं ते उघडं, दुपंखी विमान. पुढे गुरू, मागे शिष्य, दोघांपुढे विमान वर-खाली करायची एकेक काठी. दोन्ही काठ्या आतून जोडलेल्या, एक हलली की दुसरी हलणार. बोलायला रबरी नळी. मला दिसायची ती फक्त तुमची चामडी टोपी आणि जाड मान. चढताना मी बरा होतो. उतरताना मात्र जमीन अंगावर येतेय असं वाटून काठी फार लवकर पोटाशी ओढायचो. विमान पुन्हा वर उसळायचं आणि मग पोतं टाकल्यासारखं पडायचं. म्हणून दर वेळी, मी ओढू लागलो की काठी माझ्या मुठीतच बोटभर पुढे सरकायची आणि नळीतून तुमचा घोगरा आवाज यायचा, "थांबा. जमीन कुठे पळून जात नाही." रागावलात की शास्त्रीबुवाचा सरळ गाढव व्हायचा.

एकदा तर तुम्ही मला घरी नेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत, गुडघ्यांच्या मध्ये लाटणं दिलंत आणि समोर उभे राहून हाताचा तळवा जमिनीसारखा वर वर आणत राहिलात. मी लाटणं ओढतोय, तुम्ही ओरडताय, "अजून नाही! अजून नाही!" काकू परातीपाशी कणीक मळून ताटकळलेल्या. शेवटी म्हणाल्या, "विमान उतरलं असेल तर लाटणं द्या, तवा जळतोय." त्या दिवशी तुमच्याकडे जेवलो. तुम्ही पोळी मोडता मोडता म्हणालात, "याचा हात वाईट नाही गं. याला फक्त एकटं राहायची भीती वाटते." मी आणखी एक पोळी मागून घेतली.

पहिल्यांदा एकटा उडालो तेव्हा तुम्ही मैदानाच्या कडेला उभे होता. विमान उसळत उसळत टेकलं. "तीनदा उतरलात," तुम्ही म्हणालात, "एकदा पुरे होतं." मग पावसाळा लागला, उड्डाणं थांबली, तुम्हाला कावीळ झाली आणि मैदान सुकायच्या आत तुम्ही गेलात.

परवान्याची परीक्षा हिवाळ्याच्या तोंडावर झाली. परीक्षक खाली खुर्चीत, वर मी एकटा. माणूस नसला तरी पुढच्या जागेचे पट्टे मोकळे सोडत नाहीत, ते काठीत अडकले तर संपलंच. म्हणून क्लबचा मिस्त्री ते कोणी बसलाय असं समजून करकचून बांधतो. वर गेल्यावर मला दिसतंय: पट्ट्यांनी कुणालाच बांधलेलं नाही, आणि त्यांच्या मध्ये तुमची काठी आपली आपण हलतेय. यात नवल नाही, मी माझी हलवतोय. हातोदच्या तलावावरून वळलो तेव्हा नळीतून श्वास ऐकू आला. यातही नवल नाही, नळीचं पुढचं तोंड उघडं होतं, वारा शिरला असणार. मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस. असं एकेक निकालात काढत खाली आलो. जमीन वर आली, मी काठी ओढू लागलो, आणि ती माझ्या मुठीत बोटभर पुढे सरकली.

विमान इतकं अलगद टेकलं की टेकलेलं मला चाकांच्या आवाजावरून कळलं. मिस्त्री धावत आला. "अरे पंडितजी, ये तो साब की लँडिंग थी!" मग पुढच्या जागेचे पट्टे सोडायला लागला. वाकून, हळू, बसलेल्या माणसाला लागू नये तसे. परवान्यावर नाव माझं आलं. ते उतरणं माझं होतं का, हे कोणी विचारलं नाही, आणि मला मात्र दुसरं काही सुचेना.

मग मी तुमची परीक्षा घ्यायला लागलो. बरोबर वेळी ओढलं की काठी गप्प. मुद्दाम लवकर ओढली की बोटभर पुढे. पाठशाळेतही गुरुजी स्वर चुकला तरच डोळे उघडायचे.

तुमच्या वर्षश्राद्धानंतर काकू म्हणाल्या, "मला एकदा वरून घर दाखव." पुढे बसवलं, अंबाड्यावर तुमचीच टोपी. काकूंना अडचण नको म्हणून मिस्त्रीने पुढची काठी काढूनच ठेवली होती. म्हणजे पुढे ढकलायला काहीच नव्हतं. तरी उतरताना माझी काठी सरकली. खाली आल्यावर काकू पदर सावरत म्हणाल्या, "मधेच 'थांबा' कोणाला म्हणालास रे?" मी तोंड उघडलंच नव्हतं. म्हटलं, "स्वतःलाच." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाल्या, "आवाज किती बसलाय तुझा. काढा घे."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन दुपारी, एकटा उतरत होतो. नेहमीसारखी काठी लवकर ओढली आणि वाट पाहिली. ती सरकली नाही. नळीत वारा होता, नुसता वारा. मैदान वर येत होतं, तरी मी वाट पाहत होतो. मग बोटभर काठी मीच पुढे केली. विमान टेकलं, एकदाच. इंजिन बंद करून बसलो तेव्हा पुढे पट्टे बांधलेली एक खुर्ची होती, दुसरं काही नाही. मिस्त्री लांबूनच टाळ्या वाजवत होता.

नंतर मी परत मैदानावर गेलो नाही, परवान्याची मुदतही संपू दिली. लोकांना डोळ्यांचं कारण सांगितलं. काकूंनी कितीतरी दिवस गाजराचा रस पाठवला, तो मी मुकाट्याने प्यायलो. डोळे आजही ठीक आहेत, हे सगळं चष्म्याशिवाय लिहिलंय. या कागदावर पत्ता घालायचा नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही: पुन्हा गेलो असतो तर विमान पुन्हा तसंच, तुमच्याशिवाय, छान उतरलं असतं. म्हणून गेलो नाही.